वाढते वजन, पेशींचे वय आणि आमवात

आमच्या थोरल्या बहिणीला आम्ही सारी भावंडे आक्का म्हणतो. ती अडतीस वर्षांची असताना एके दिवशी सकाळी तिला भाकरी थापता येईना. बोटे आखडून गेली होती. दोन्ही हातांची बोटे सुजली होती आणि मूठ वळत नव्हती. तास-दीड तासाने हात थोडे मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घरच्यांनी 'वात आहे' म्हणून तेल चोळले, शेक दिला. एका डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "बाई, वजन कमी करा, सगळे दुखणे जाईल." आक्काने रात्रीचे जेवण सोडले. वजन थोडे उतरले, पण सूज काही उतरली नाही. या साऱ्यात दोन वर्षे गेली. तोपर्यंत तिची दोन बोटे वाकडी झाली होती.

पुढे संधिरोगतज्ज्ञांनी तपासले तेव्हा कळले की हा साधा वात नसून र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे ज्याला आपल्याकडे आमवात म्हणतात तो रोग आहे. गोळ्या सुरू झाल्या. त्यांत स्टिरॉइडची एक गोळी होती. दुखणे कमी झाले, पण चेहरा गोल झाला आणि वजन वाढले. मग शेजारणी म्हणू लागल्या, "गोळ्यांनी फुगलीस, बंद कर त्या." आक्काने कोणालाही न विचारता गोळ्या बंद केल्या. चौथ्या-पाचव्या दिवशी ती घरातच चक्कर येऊन पडली आणि तिला रुग्णालयात न्यावे लागले.

त्या रात्री रुग्णालयाच्या बाकावर बसून माझ्या मनात एकच प्रश्न घोळत होता. वजनाचा आणि या रोगाचा संबंध नेमका आहे तरी काय? एक डॉक्टर म्हणतात वजनाने रोग झाला, शेजारी म्हणतात औषधाने वजन झाले. खरे काय? मी कला शाखेचा पदवीधर. बँकेत लेखनिकाचे काम करणारा माणूस. विज्ञान दहावीनंतर सुटले ते सुटलेच. तरीही गेल्या काही वर्षांत मिळेल ते वाचले, डॉक्टरांना विचारले, सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या भाचीकडून समजून घेतले. स्मरणिकेच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा वाटले की हेच लिहावे. आपल्या सभासदांच्या घरांत अशा अनेक आक्का असतील.

आमवात म्हणजे काय?

आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक यंत्रणा असते. रक्तातील पांढऱ्या पेशी हे तिचे सैनिक. परके कोण आणि आपले कोण हे ओळखणे हे या सैनिकांचे पहिले काम. काही माणसांत ही ओळख चुकते आणि सैनिक आपल्याच शरीरावर हल्ला करू लागतात. अशा रोगांना स्वयंप्रतिकार रोग किंवा ऑटोइम्यून रोग म्हणतात. आमवातात हा हल्ला सांध्यांच्या आतील अस्तरावर होतो. ल्युपसमध्ये तो त्वचा, सांधे, मूत्रपिंड अशा अनेक अवयवांवर होतो, तर सोरायसिसमध्ये मुख्यतः त्वचेवर होतो.

आमवात हा म्हातारपणी गुडघे झिजण्याचा प्रकार नव्हे. तो बहुधा ऐन कामाच्या वयात येतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत दुपटी-तिपटीने अधिक आढळतो. हातापायांचे लहान सांधे दोन्ही बाजूंनी सुजणे आणि सकाळी उठल्यावर अर्धा-एक तास किंवा त्याहून अधिक वेळ ते आखडलेले राहणे, ही त्याची ठळक लक्षणे होत. पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात भिगवण येथे 1996 मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू झाली. त्या पाहणीत प्रौढ ग्रामस्थांपैकी हजारी साधारण पाच जणांना आमवात आढळला. हजारात पाच हा आकडा लहान वाटतो. पण दहा हजार प्रौढांच्या वस्तीत ही पन्नास माणसे होतात, हे ध्यानात घेतले पाहिजे.

पेशींचेही वय असते

माणसाचे वय जन्मतारखेवरून मोजतात. परंतु शरीरातील पेशींना त्यांचे स्वतःचे एक वय असते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शास्त्रज्ञांचा असा समज होता की, शरीराबाहेर काचपात्रात वाढवलेल्या पेशी अनंत काळ विभागत राहू शकतात. 1961 मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी हा समज खोटा ठरवला. माणसाच्या सामान्य पेशी सुमारे पन्नास वेळा दुप्पट होतात आणि मग थांबतात, असे त्यांना आढळले. पेशीने आपल्या विभाजनांचा हिशेब कोठेतरी ठेवलेला असतो, असा याचा अर्थ झाला.

तो हिशेब गुणसूत्रांच्या टोकांशी ठेवलेला असतो. या टोकांना टेलोमिअर म्हणतात. आमच्या बँकेत पूर्वी मोठमोठ्या खतावण्या असत. त्यांच्या पुढे आणि मागे काही कोरी पाने बांधलेली असत. रोजच्या हाताळणीत आधी ती कोरी पाने फाटत आणि आतील हिशेबाची पाने शाबूत राहत. टेलोमिअर ही गुणसूत्राची अशीच कोरी पाने होत. त्यांच्यावर वंशपरंपरेचा मजकूर नसतो, एकच सहा अक्षरी तुकडा हजारो वेळा लिहिलेला असतो. प्रत्येक विभाजनाच्या वेळी गुणसूत्राची नक्कल करताना अगदी टोकाचा भाग सुटतो आणि टेलोमिअर थोडा आखूड होतो. तो फारच आखूड झाला की पेशी विभागणे थांबवते.

या टोकांचा शोध मोठा रंजक आहे. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर जन्मलेल्या एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी जोसेफ गॉल यांच्यासह तळ्यातील पाण्यात राहणाऱ्या टेट्राहायमेना नावाच्या एकपेशीय जीवावर काम केले आणि 1978 मध्ये या टोकांची रचना प्रसिद्ध केली. ही टोके पुन्हा लांब करणारे एक विकरही असते. त्याचा पहिला पुरावा त्यांची विद्यार्थिनी कॅरोल ग्रायडर हिला 25 डिसेंबर 1984 रोजी प्रयोगशाळेत मिळाला. त्या वेळी ती अवघी तेवीस वर्षांची होती. या विकराला टेलोमरेज हे नाव मिळाले. ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना 2009 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तळ्यातील एका क्षुद्र जीवाचा अभ्यास माणसाच्या वार्धक्यापर्यंत कसा पोहोचतो, हे आपल्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. विभागणे थांबलेली पेशी लगेच मरत नाही. ती जागा अडवून बसते आणि आजूबाजूला दाह वाढवणारी रसायने सोडत राहते. तारुण्यात अशा पेशी शरीर काढून टाकते. वय वाढते तशा त्या साठू लागतात. वार्धक्यातील अनेक रोगांचे हे एक कारण मानले जाते.

आमवातात पेशी लवकर का थकतात?

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर येथे मेयो क्लिनिक आहे. तेथील कॉर्नेलिया वेयंड आणि यॉर्ग गोरोन्झी या शास्त्रज्ञांनी आमवाताच्या रुग्णांच्या टी-पेशी तपासल्या. टी-पेशी म्हणजे प्रतिकारयंत्रणेतील प्रमुख सैनिक. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या या कामात असे आढळले की, रुग्णांत नव्याने तयार झालेल्या टी-पेशींचे प्रमाण त्याच वयाच्या निरोगी माणसांपेक्षा कमी होते आणि त्यांचे टेलोमिअरही आखूड होते. या रुग्णांची प्रतिकारयंत्रणा त्यांच्या खऱ्या वयापेक्षा सुमारे वीस वर्षांनी म्हातारी दिसते, असे या शास्त्रज्ञांचे म्हणणे आहे. म्हणजे चाळीस वर्षांच्या बाईच्या रक्तात साठीच्या पेशी.

असे का व्हावे? छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते. नव्या टी-पेशी तेथे तयार होतात. वयानुसार ही ग्रंथी सुकत जाते. नवी भरती कमी झाली की जुन्याच पेशींना पुन्हा पुन्हा विभागून संख्या भरून काढावी लागते. आमच्या बँकेत नवीन भरती बंद झाली की आहेत त्याच लोकांवर दोन-दोन टेबलांचे काम येते, तसाच हा प्रकार. विभाजने वाढली की टोके झिजतात. अशा थकलेल्या टी-पेशी गरीब होऊन बसत नाहीत, उलट अधिक चिडक्या होतात आणि सांध्यांतील दाह वाढवतात.

आता रोगामुळे पेशी म्हाताऱ्या होतात की म्हाताऱ्या पेशींमुळे रोग होतो? याच गटाने 2003 मध्ये दाखवले की, आमवाताशी निगडित असलेला विशिष्ट आनुवंशिक गुण ज्यांच्यात आहे, पण ज्यांना रोग झालेला नाही, अशा निरोगी माणसांतही ही टोके लवकर आखूड होतात. म्हणजे पेशींची ही झीज केवळ रोगाचा परिणाम नाही. ती काही अंशी आधीपासूनच असू शकते. आक्काला कोणी "तुझ्या खाण्याने तुला रोग झाला" असे म्हणते तेव्हा मला हे आठवते. तिने जन्मतः काय घेऊन यावे हे तिच्या हातात नव्हते.

चरबी म्हणजे नुसते गाठोडे नव्हे

आता वजनाकडे वळू. चरबी म्हणजे उरलेल्या अन्नाचे गाठोडे, अशी आपली समजूत असते. 1993 मध्ये अमेरिकेत गोखान होतामिश्लिगिल आणि ब्रूस स्पीगेलमन यांनी दाखवले की, लठ्ठ उंदरांची चरबी टीएनएफ नावाचे दाहकारक रसायन तयार करते. पुढच्याच वर्षी, 1994 मध्ये, जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागला. तेही चरबीतूनच स्रवते. त्यामुळे चरबीकडे, विशेषतः पोटातील चरबीकडे, आता एक सतत स्रवणारी ग्रंथी म्हणून पाहिले जाते.

टीएनएफ हे नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे. कारण आमवाताच्या सांध्यात आग पेटवणारे एक मुख्य रसायन हेच आहे. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी हे सिद्ध केले आणि 1992 पासून टीएनएफला अडवणारे औषध रुग्णांवर वापरून पाहिले. आज जगभर वापरली जाणारी एक मोठी औषधमाला त्यातून उभी राहिली. यांपैकी मैनी यांचा जन्म आपल्या पंजाबातील लुधियाना येथील आहे.

म्हणजे हिशेब असा झाला. सांध्यात आधीच आग आहे आणि पोटावरची जादा चरबी त्याच आगीत रॉकेल ओतते आहे. चरबीने रोग निर्माण केला असे म्हणता येत नाही. आमवात बारीक माणसांनाही होतो. मात्र लठ्ठपणामुळे, विशेषतः स्त्रियांत, तो होण्याचा धोका काहीसा वाढतो. रोग झाल्यावर लठ्ठ रुग्णांत तो पूर्ण आटोक्यात येण्याची शक्यता कमी राहते आणि टीएनएफ अडवणाऱ्या काही औषधांचा गुणही त्यांना कमी येतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

वजन आणि पेशींचे वय

वजनाचा पेशींच्या वयाशी काय संबंध, हा या लेखाचा मुख्य प्रश्न. लंडनच्या टिम स्पेक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये 1122 स्त्रियांच्या पांढऱ्या पेशींतील टेलोमिअरची लांबी प्रसिद्ध केली. वय वाढते तशी ही लांबी वर्षाला सरासरी 27 अक्षरांनी घटत होती. लठ्ठ स्त्रियांची टोके सडपातळ स्त्रियांपेक्षा सरासरी 240 अक्षरांनी आखूड होती. भागाकार करून पाहिला तर ही सुमारे नऊ वर्षांची झीज होते. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांतही झीज जास्त होती आणि जितकी वर्षे व जितक्या सिगारेटी, तितकी ती अधिक होती.

याचे कारण बहुधा दाहातच आहे. दाह सुरू असला की पांढऱ्या पेशींना सतत नवी कुमक लागते, म्हणजे विभाजने वाढतात. शिवाय दाहात निर्माण होणारे प्राणवायूचे तीव्र अणुसमूह टेलोमिअरला थेट इजा करतात. ज्याला ऑटोइम्यून रोग आहे त्याच्या खात्यातून आधीच जास्त रक्कम निघत असते. त्यात लठ्ठपणा आला की दुसरा खर्च सुरू होतो. त्यापुढे दुखण्यामुळे हालचाल कमी होते, स्नायू घटतात, चरबी वाढते, चरबीने दाह वाढतो आणि दाहाने पुन्हा दुखणे. कर्जाचे व्याज मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज चढावे, असे हे चक्र आहे.

परंतु येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हे सरासरीचे आकडे आहेत. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळेच दुसरी झाली असे ठरत नाही. टेलोमिअरची लांबी माणसामाणसांत जन्मापासूनच फार वेगवेगळी असते. एकट्या माणसाच्या रक्तात ती मोजून त्याचे आयुष्य किंवा त्याच्या रोगाचे भवितव्य सांगता येत नाही. म्हणून अशा चाचणीसाठी पैसे खर्च करू नयेत. टेलोमिअर लांब करण्याचा दावा करणाऱ्या गोळ्या आणि पुड्या तर दूरच ठेवाव्यात. दहापैकी आठ-नऊ कर्करोगांत पेशी याच टेलोमरेजच्या जोरावर अमर्याद वाढतात. जे विकर कर्करोगाच्या हातचे शस्त्र आहे, ते दुकानातून विकत आणून वाढवावे असे नाही.

बारीक दिसणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे

आपल्या लोकांसाठी वजनाचा हिशेब थोडा निराळा आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक एकच, 22.3. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. भारतीय शरीर बाहेरून बारीक दिसले तरी आत चरबी बाळगून असते, हे त्या एका छायाचित्राने जगाला समजावले.

हा निर्देशांक घरीही काढता येतो. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. समजा एका बाईची उंची 1.52 मीटर आणि वजन 62 किलो आहे. 1.52 चा वर्ग 2.31. 62 ला त्याने भागले की 26.8 येतात. भारतीयांसाठी 23 च्या पुढे जादा वजन आणि 25 च्या पुढे लठ्ठपणा मानतात. कंबरेचा घेर पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटीमीटरच्या आत असावा. यासाठी यंत्र लागत नाही, शिंप्याची टेप पुरते.

आमवाताच्या रुग्णांत आणखी एक फसगत होते. रोगाच्या दाहाने स्नायू वितळतात आणि त्यांची जागा चरबी घेते. वजनकाटा जैसे थे दाखवतो, पण आतला माल बदललेला असतो. अमेरिकेत टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथील रुग्णांचा एक अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात फार कमी वजनाच्या आमवात रुग्णांचे मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. लठ्ठपणा चांगला, असा त्याचा अर्थ नव्हे. प्रखर रोगच माणसाला वाळवतो, हे त्यामागचे कारण असावे. तात्पर्य, आमवाताच्या रुग्णाचे वजन काही न करता उतरू लागले तर आनंद मानू नये, डॉक्टरांना दाखवावे. आणि उपाशी राहून वजन उतरवणे म्हणजे चरबीबरोबर स्नायूही गमावणे. आक्काने रात्रीचे जेवण सोडून नेमके हेच केले होते.

औषधांविषयी दोन शब्द

स्टिरॉइडने भूक वाढते, चेहऱ्यावर आणि पोटावर चरबी साठते आणि स्नायू क्षीण होतात. शेजारणींचे निरीक्षण खोटे नव्हते, सल्ला मात्र घातक होता. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिले की मूत्रपिंडांवरील ग्रंथी आपले स्वतःचे उत्पादन थांबवतात. गोळी एकदम बंद केली तर शरीराकडे ना बाहेरचे उरते ना घरचे, आणि रक्तदाब कोसळून जीवावर बेतते. ही गोळी डॉक्टरांच्या सांगण्यानेच हळूहळू उतरवायची असते. रोग आटोक्यात ठेवणारी मुख्य औषधे वेगळी असतात. ती सुरू होऊन गुण देऊ लागली की डॉक्टर स्टिरॉइड कमी करत आणतात.

त्या मुख्य औषधांत मेथोट्रेक्सेट हे नाव पहिले येते. आमवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. ज्यांच्या घरी हे औषध आहे त्यांनी वार ठरवून तो दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा. आमच्या घरी तो रविवार आहे आणि त्यावर खूण करण्याचे काम माझ्याकडे आहे.

मग करावे तरी काय?

पहिली गोष्ट, रोगावर योग्य औषध वेळेवर सुरू करणे. वजन हा औषधाचा पर्याय नव्हे, तो औषधाचा सोबती आहे. दाह आटोक्यात आला की चालता येते, आणि चालता आले की वजन आटोक्यात येते. हा क्रम उलटा करून चालत नाही.

दुसरी गोष्ट, जादा वजन असल्यास ते थोडे आणि सावकाश उतरवणे. इटलीतील एका अभ्यासात सोरायसिसमुळे होणाऱ्या संधिवाताचे जादा वजनाचे रुग्ण घेतले होते. ज्यांनी निदान पाच टक्के वजन कमी केले, त्यांच्यात औषधाचा गुण अधिक चांगला दिसला. तो अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. 62 किलोच्या बाईला पाच टक्के म्हणजे फक्त तीन किलो. एवढे कोणालाही अशक्य नाही. त्यासाठी महागडे अन्न नको. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, मटकी, पालेभाजी, ताक, आणि खाणाऱ्यांनी अंडी-मासे. तेल, साखर, मैदा आणि फरसाण कमी. चहा दिवसातून पाच वेळा झाला तर पाच वेळची साखर पोटात जाते, हे आम्हा बँकवाल्यांना कोणी सांगावयास हवे!

तिसरी गोष्ट व्यायाम. सांधे दुखतात म्हणून अंथरुणाला खिळून राहणे हा जुना सल्ला आता मागे पडला आहे. जमेल तसे चालणे आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली स्नायूंना बळ देणारे व्यायाम लाभदायक ठरतात. चौथी गोष्ट धूम्रपान. आमवात होण्याचा धोका ते वाढवते, पेशींची टोके झिजवते आणि हृदयावर घाव घालते. आमवाताच्या रुग्णांना हृदयविकाराचा धोका आधीच अधिक असतो, म्हणून त्यांच्या घरात कोणीच विडी-सिगारेट ओढू नये.

या साऱ्याने टेलोमिअर पुन्हा लांब होतील काय? कॅलिफोर्नियात डीन ऑर्निश आणि ब्लॅकबर्न यांनी आहार, व्यायाम व मनःशांती यांवर भर देणाऱ्या दहा पुरुषांत पाच वर्षांनी ती काहीशी लांबलेली पाहिली आणि 2013 मध्ये तसे प्रसिद्ध केले. पण दहा ही संख्या फारच लहान, आणि ते आमवाताचे रुग्णही नव्हते. तेव्हा ते वचन म्हणून घेऊ नये. टोके लांबोत वा न लांबोत, चालणारी पावले आणि मोकळे हात हा लाभ तर हाती पडतोच.

आपण सर्वांनी

आता थोडे आपल्या स्वतःविषयी. आपल्या आरोग्य शिबिरांत रक्तदाब आणि साखर तपासली जाते. त्याच रांगेत एक प्रश्न विचारावा अशी माझी सूचना आहे: "सकाळी उठल्यावर बोटे अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ आखडलेली राहतात का?" या प्रश्नाला खर्च नाही. उत्तर 'हो' आले आणि बोटांना सूज असेल, तर त्या व्यक्तीला लवकर तज्ज्ञांकडे पाठवावे. आमवातात पहिले काही महिने सर्वांत मोलाचे असतात. त्या काळात औषध मिळाले तर सांधे वाचतात. आक्काची दोन बोटे आता सरळ होणार नाहीत. दुसऱ्या कोणाची तरी वाचतील.

विद्यार्थ्यांना सांगावेसे वाटते की, वर ज्या शोधांचा उल्लेख केला ते सारे कोणीतरी प्रश्न विचारल्यामुळे लागले. पेशी थांबते तर का थांबते? चरबी नुसती पडून राहते काय? एकाच निर्देशांकाच्या दोन माणसांत फरक का? आपल्या घरातील दुखण्याकडे पाहून असे प्रश्न तुम्हालाही पडोत, आणि तुमच्यातून कोणी संधिरोगतज्ज्ञ, कोणी फिजिओथेरपिस्ट, कोणी संशोधक घडो.

आणि सभासद बंधू-भगिनींना एक विनंती. कोणाचा चेहरा गोल झाला, अंग सुटले, तर "काय खातेस ग?" असे म्हणू नये. तिच्या पेशी कोणती लढाई लढत आहेत हे आपल्याला बाहेरून दिसत नाही. त्याऐवजी सभागृहात खाली बसता येत नसेल तर खुर्ची द्यावी, आणि वेळ असेल तर तिच्याबरोबर संध्याकाळी चार पावले चालावे.

आक्का आता स्टिरॉइडशिवाय आहे. दीड वर्षात तिचे वजन चार किलोने उतरले आहे. जेवण सोडून नव्हे, चालून. मागच्या महिन्यात मी गावी गेलो तेव्हा तिने भाकरी केली. थापताना वेळ लागला आणि भाकरी थोडी जाड झाली. सुनेने "मी करते" म्हटले तेव्हा आक्का म्हणाली, "राहू दे ग, भाऊ आलाय. आज मीच करते."